अनुक्रमांक चारशे चौदा

शेलूबाजार,
२४ सप्टेंबर

प्रिय धम्मदीपा
(मुक्काम पोस्ट, जिथे असशील तिथे),

हे पत्र मी कागदावर शाईच्या पेनाने लिहितो आहे आणि लिहून झालं की त्याचे फोटो काढून तुला फोनवरच पाठवणार आहे. म्हणजे धड पत्र नाही आणि धड फोन नाही, अशी ही त्रिशंकू रचना. पाकीट मी आणलं होतं. त्यावर तुझं नाव वळणदार अक्षरात लिहिलं, खालच्या ओळीवर पेन टेकवलं आणि तसाच बसून राहिलो. तुझ्या पहिल्या पत्त्यात नदीकडची खोली होती, दुसऱ्यात समुद्राकडची, आणि तिसऱ्यात 'टेकडीवर, पिवळ्या दाराच्या आत' एवढंच. आपल्या पोस्टमनला तेवढं पुरलं असतं, त्याला गावातली सगळी दारं तोंडपाठ आहेत. तिथल्याचं मला ठाऊक नाही. फोनच केला असता, पण आपल्याकडे तुझा फोन म्हणजे सार्वजनिक कार्यक्रम असतो. स्पीकर लागतो, आई पदराला हात पुसत येते, आजोबा कानामागे तळहात धरून बसतात, आणि मग सगळे मिळून तिकडे पाऊस आहे का, एवढंच विचारतात. मला जे सांगायचं आहे ते आजोबांच्या देखत सांगता येण्यासारखं नाही. बरंचसं त्यांच्याबद्दलच आहे. थोडं माझ्याबद्दल आहे, आणि तिथेच माझा सगळा गोंधळ आहे.

इकडे सोयाबीन पिवळं पडायला लागलं आहे. नववीच्या संस्कृतला या वर्षी एकतीस मुलं आहेत. त्यांतल्या एकालाही संस्कृत नको आहे, सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण हवे आहेत. मी ते देतो. देवांची भाषा म्हणवते, तेव्हा देण्यात हात आखडता घेऊ नये. मला संस्कृत शिकवण्याचा हट्ट आजोबांचा, हे तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. ज्या भाषेचा शब्द आपल्या आजाच्या कानावर पडू दिला नाही, ती आपल्या पोराने इतरांच्या पोरांना शिकवावी, चुकली तर कान धरून शिकवावी, हे त्यांचं स्वप्न. कान धरायला आता बंदी आहे, बाकीचं पूर्ण झालं. त्या विद्येचा तुझ्या बाबतीत मात्र काही उपयोग होईना. नवरा परदेशी गेला की मागे राहिलेल्या बाईला जुन्या पंडितांनी एक छान लांबलचक नाव देऊन ठेवलं आहे. तिने केस विंचरू नयेत, सुस्कारे टाकावेत, अशी सगळी व्यवस्था लावून दिलेली. पण मुलगी परदेशी गेली तर मागे राहिलेल्या बापाला काय म्हणावं आणि त्याने नेमकं काय करावं, याबद्दल मंडळी गप्प आहेत. मला विंचरायला केसही फारसे उरलेले नाहीत.

डिजिटल नोमॅड हे मी आता न अडखळता म्हणतो. अर्थ सांगताना अडखळतो. कंपनी कॅनडात, तू मेक्सिकोत, तुझ्या बरोबरीची माणसं आणखी कुठे कुठे, आणि तुम्ही सगळे मिळून जे घडवता ते कुणाच्या तरी फोनच्या काचेआड. शाळेत विचारतात, पोरगी कुठे असते? मी 'प्वेर्तो वायार्ता' म्हणतो. ते म्हणतात, अमेरिकेतच ना? मी हो म्हणतो, कारण तोवर घंटा होते. आजोबांना मात्र मी नीट बसून समजावलं. जगात आता अशी पुष्कळ माणसं आहेत, त्यांना घर नसतं, लॅपटॉप असतो. आवडेल तिथे तीन महिने राहतात, मग पुढे. आजोबांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाले, "गावात एक घर भेटावं म्हून माह्या बापानं जिनगानी घातली. अन् हे पोट्टी घर नाही म्हून खुश हाय. चांगलं हाय." ते शेवटचं 'चांगलं हाय' विधान होतं की प्रश्न, हे मला अजून कळलेलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच तोड काढली. भिक्खूही फिरतातच, म्हणाले, नऊ महिने फिरतात, पण वर्षावासाचे तीन महिने एका जागी थांबतात. "हे कुठं थांबते?" मी सहज बोलून गेलो, वायार्तात थांबली आहे, चौदा महिने झाले. बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं. बँकॉकला तू तीन महिने होतीस, लिस्बनला चार. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी, कुणी बोलावल्यासारखा, खिडकीकडे.

आता मुद्द्याकडे येतो. ऑगस्टपासून माझ्या गळ्यात मतदार यादीचं काम पडलं आहे. दुपारपर्यंत वर्ग, नंतर पिशवी खांद्याला अडकवून घरोघर. प्रत्येक नावापुढे रकाने आहेत. पहिला, इथेच राहतात. दुसरा, मयत. तिसरा, कायमचे स्थलांतरित. माणूस भेटला नाही तर तीनदा जायचं, तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि तिन्ही वेळा नसला तर घरच्यांना विचारून तिसऱ्या रकान्यात खूण. इतका सोपा नियम मी पाणिनीकडेही पाहिला नव्हता. पहिले काही दिवस मला या कामाची गोडीच लागली. माणसाचं सगळं असणं एका खुणेत बसतं, हे वर्गात कधी जमत नाही.

आपल्या गल्लीच्या टोकाला सोजरबाई राहते, तुला आठवत असेल, तुझ्या शाळेच्या वाटेवर बोरं विकायची ती. तिचा गणेश आणि सून रीता चार वर्षांपासून सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहेत. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा त्यांच्या खोलीला कुलूप. म्हातारी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "कुलूप हाय म्हून मानूस गेला काय जी मास्तर? दिवाळीले येते, तूर काढाले येते. त्याची खाट हाय आत, दाखवतो चाला." मी खिडकीतून गादी घातलेली खाट पाहिली आणि म्हणालो, खाट मतदान करत नाही. मला हे वाक्य त्या वेळी फार चुरचुरीत वाटलं होतं. दोघांच्या नावापुढे मी तिसऱ्या रकान्यात खूण केली. अर्धं मिनिटही लागलं नसेल. मी पेनाला टोपण लावत होतो तेव्हा सोजरबाई म्हणाली, "अन् तुमची पोरगी? ते तं समुद्राच्या पार हाय. तिचं काय केलं?" मी म्हणालो, आमचं घर यादीत शेवटाकडे आहे, आलं की नियम तोच. "पाहू," म्हणाली. तिचं ते 'पाहू' माझ्याबरोबर घरापर्यंत आलं.

आपलं घर तुला माहीत आहे. अनुक्रमांक चारशे अकरा आजोबा उकंडराव, चारशे बारा मी, चारशे तेरा तुझी आई अंजना, चारशे चौदा तू. चारशे पंधरापासून शेजारी लालसिंगचं घर सुरू होतं. तू अठरा पूर्ण केलीस त्या वर्षी आजोबा तुला ग्रामपंचायतीच्या फळ्यापाशी घेऊन गेले होते. नवीन पांढरं धोतर नेसून. त्यांनी तुझं बोट धरून तुझ्या नावावर टेकवलं, आणि तू ओशाळून मागे पाहिलंस, कारण तुझ्या मैत्रिणी पानठेल्यापाशी हसत होत्या. आठव्या वर्षी बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षा घेऊन आलेला माणूस तो. देवळात जाणं त्यांनी त्या दिवशी सोडलं, पण दर यादीच्या वेळी त्या फळ्यापुढे ते जसे उभे राहतात, तसा मी कुठल्या भक्ताला उभा राहिलेला पाहिला नाही. भिंग घेऊन जातात. घरातल्यांच्या नावांवरून एकेक करत बोट फिरवतात, मोठ्याने वाचतात, आणि मग घरी येऊन "हाओत आपुन" एवढं सांगून जेवायला बसतात.

तर मी आपल्या घरी गेलो. हसू नकोस. तीन भेटी म्हणजे तीन भेटी. रविवारी सकाळी मी मागच्या दाराने बाहेर पडलो, पिशवी खांद्याला लावली, वळसा घालून पुढे आलो आणि कडी वाजवली. आईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "कोन पाहिजे?" मी म्हणालो, धम्मदीपा संघपाल, वय अठ्ठावीस. "घरी नाई." कधी येतील? "तिच्या बापाले विचारा. ते यादीचं काम करून राह्यले, तेईले सगळं माहीत असते." मग म्हणाली, बसा, चहा टाकते. तिच्या माहेरची, केनवडची माणसं सरकारी माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. नोंदवहीत मी लिहिलं, पहिली भेट, मतदार अनुपस्थित. चहाचं लिहिलं नाही. चहा ठेवताना तिने मान वळवली होती, तेही लिहिलं नाही.

दुसऱ्या वेळी बुधवारी संध्याकाळी गेलो. आजोबा नुकतेच विहारातून आले होते. वर्षावासाचं वाचन चालू आहे, तिथे रोज आधी पंचशील होतं. म्हणजे खोटं न बोलण्याचं चौथं शील त्यांच्या ओठांवरून वाळलंही नसेल. मी विचारलं, धम्मदीपा संघपाल इथे राहतात का? "हाय," म्हणाले. मी म्हणालो, बाबा. "आत हाय. काम करून राह्यली. अर्ज आना इकडं." यादीत नाव राखण्यासाठी भरायचा तुझा अर्ज त्यांनी माझ्या पिशवीतून स्वतः काढला, ओट्यावर मांडी घालून बसले, आणि नातेवाइकाच्या जागी सही केली. प्रौढ वर्गात शिकलेली ती सही, आधी वरची रेघ आखायची आणि मग तिला एकेक अक्षर टांगायचं. शपथेचं वाक्य सहीच्या वरच छापलेलं असतं, मतदार याच पत्त्यावर राहतो म्हणून. त्यांनी ते भिंगातून वाचलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि मग सही केली. "घ्या मास्तर," म्हणाले. जन्मात त्यांनी मला मास्तर म्हटलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवायला बसले, पण आईने वाढलेली दुसरी भाकरी तशीच राहिली.

तिसऱ्या वेळी शुक्रवारी मी कडी वाजवायला गेलो तर दाराला कुलूप. आई आणि आजोबा दोघंही लालसिंगकडे बारशाला गेलेली, मला सांगूनच गेली होती, मी विसरलो. आता तिसऱ्या भेटीला कुलूप असेल तर काय करायचं हे नियमात स्पष्ट आहे. किल्ली तपासणाऱ्याच्याच खिशात असेल तर काय, याबद्दल नियम मुके आहेत. मी थोडा वेळ स्वतःच्या दारात परक्यासारखा उभा राहिलो, मग कुलूप काढलं आणि तुझ्या खोलीत जाऊन बसलो. तुझी खाट आहे तिथे. तिच्यावर हरभऱ्याचं पोतं आहे आणि आईचं इस्त्रीचं बोचकं आहे. गणेशच्या खाटेवर निदान गादी होती.

तिथे बसून मी जसा एखादा साक्षीपुरावा तपासावा तसा तुझा विचार केला, आणि ते मला आवडलं नाही, पण केला. मार्चमध्ये तू फोन फिरवून गच्ची दाखवलीस. तिकडच्या बाजारात वाळलेल्या अंबाडीच्या फुलांचं शरबत मिळतं, ज्वारीऐवजी मक्याची भाकरी करतात आणि बायका ती आपल्यासारखीच हातावर थापतात, असं तू सांगत होतीस, आई खुश होऊन ऐकत होती, आणि मागे एका मोठ्या कुंडीत लिंबाचं रोप होतं. आजोबांनी विचारलं, "कागदी लिंबू हाय काय?" तू म्हणालीस, हो, मीच लावलं. मंगरुळपीरच्या संत्रापट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही की लिंबाला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. तीन महिन्यांनी निघून जाणारा माणूस मेथी पेरेल, कोथिंबीर पेरेल. लिंबू लावत नाही. आणि जुलैमध्ये, तुझी सकाळ होती आणि आमची संध्याकाळ, तू जिना चढत होतीस, दम लागला होता. "बाबा, पाच मिनिटांनी करते, आत्ता घरी पोचतेय," म्हणालीस. घरी. तू ते इतक्या सहज म्हणालीस की तुला आठवणारही नाही. स्पीकर चालू होता. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, मी आजोबांकडे पाहिलं नाही. एरवी सगळे पाऊस आहे का ते विचारतात, ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

तुझ्यावर रागवावं असं यात काही नाही, हे मला कळतं. माणसाने कुठेतरी घरी पोचावं, त्यासाठीच तर तुला एवढं शिकवलं. पण इतकी वर्षं मी तुला भटकी म्हणून चिडवत होतो, आणि त्या चिडवण्याला एक आधार होता, की भटका माणूस कुठलाच नसतो, म्हणून तो शेवटी आपलाच असतो. तू थांबलीस आणि माझा आधार गेला. यात सुख मानायचं की दुःख, हे ठरवायला बसतो आणि सोयाबीनचा विचार करून उठतो. तूही दोनदा येणार म्हणालीस आणि आली नाहीस, आणि दोन्ही वेळा कारण इतकं नीट सांगितलंस की ते आधी लिहून काढलं असावं असं वाटलं. लेकी, मी एकतीस मुलांची गृहपाठाची कारणं रोज ऐकतो.

आता हे पत्र कशासाठी ते. सोमवारी मी यादीचं काम जमा केलं. तुझ्या नावापुढे तिसऱ्या रकान्यात खूण केली आहे, माझ्या हाताने, आणि आजोबांनी सही केलेला अर्ज माझ्या टेबलाच्या कप्प्यात आहे, तो मी लावला नाही. गणेशला अर्धं मिनिट लागलं होतं, तुला अकरा दिवस लागले. मी नियम पाळला, आजोबांना खोट्यातून सोडवलं, की तुझ्यावर रुसलो, हे मला अजून नक्की सांगता येत नाही, तिन्ही थोडं थोडं असावं. मंगळवारी सोजरबाई रस्त्यात भेटली आणि तिने विचारलंच. काटलं, म्हणालो. मला वाटलं ती मान हलवेल. "कायले जी?" म्हणाली. "मी तं रागारागात बोलून गेलती. लेकराचं नाव आपल्या हातानं काटते काय कोनी?" आणि दोन पावलं पुढे जाऊन परत फिरली, "आता दोघाईचं संगंच चढवू." गणेश आणि रीताचे अर्ज मी भरून ठेवले आहेत, दिवाळीला त्यांच्या सह्या घेईन, तसं सोजरबाईला सांगितलं आहे. तुझा मला भरता येत नाही. परदेशी राहणाऱ्यांचा अर्ज वेगळा असतो, कोरा सोबत पाठवतो आहे. त्यात पत्ता इथलाच लिहायचा असतो, नाव यादीच्या अगदी शेवटी येतं, घरच्यांपासून लांब पण त्याच यादीत, आणि मत द्यायला मात्र इथे याच शाळेत यावं लागतं. भर असं मी म्हणत नाही, भरू नकोस असंही म्हणत नाही. पण पाच तारखेला यादी फळ्यावर लागेल. आजोबा भिंग घेऊन जातील, त्यांचं बोट चारशे तेरावर येईल आणि तिथून सरळ लालसिंगच्या घरात जाईल. त्याआधी तू त्यांना फोन कर, स्पीकर बंद करायला सांग, आणि खरं काय ते सांग. येणार नसशील तर येते म्हणू नकोस, एका घरात एक खोटी सही पुरे. लिंबाला किती पानं आली ते सांग, टेकडीवरून काय दिसतं ते सांग, पिवळ्या दाराआड एकटीच असतेस की नाही तेही सांग, ते मला विचारता आलं नाही, त्यांना येईल. आणि मला फक्त त्या दाराचा पूर्ण पत्ता कळव. पाकीट अजून टेबलावर आहे, तुझं नाव लिहून झालं आहे.

तुझाच,
अनुक्रमांक चारशे बारा,
बाबा